चाकूरहून मालपेच्या बेटांवर: गुरुजींना दर्या दाखवला त्याची हकीकत

आधीच सांगून टाकते, मी चौथी शिकलेली बाई आहे. मी फोनसमोर बोलते, फोन लिहितो आणि माझी नात प्राची त्यातल्या चुका काढून इथं टाकते. थोड्या चुका तिनं तशाच ठेवल्यात. म्हणते, आजी, त्या काढल्या तर वाचणाऱ्याला वाटेल मीच लिहिलंय. लई बोलते पोरगी. माझ्यावरच गेलीय.

तर हे जायचं ठरलं लातूरला, डोळ्याच्या दवाखान्यात. आमच्या ह्यांना सगळं गाव गुरुजी म्हणतं, मीपण तेच म्हणते. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवण्यात ह्यांची सगळी नोकरी सरली. कुठं देवणीकडं, कुठं चाकूर तालुक्यात. जिथं बदली होईल तिथं पहिल्या उन्हाळ्यात शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं भारताचा नकाशा रंगवायचे, ऑइल पेंट आणून. किनाऱ्याची रेघ ओढताना श्वास धरून ठेवायचे. आणि त्या माणसानं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. शिक्षकांची सहल निघायची तर कधी आमच्याकडं बाळंतपण, कधी पेरणी, कधी पैसे नाहीत. राहून गेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुरुजी, काचबिंदू आहे. गेलेली नजर वापस येत नाही. थेंबांनी राहिलेली सांभाळायची."

राहिलेली म्हणजे मधली. कडेचं जात चाललंय. नळीतून बघावं तसं गुरुजींना दिसतं. समोरचं लख्ख, बाजूचं काहीच नाही. जेवताना तांब्या ताटाच्या डावीकडं ठेवला की हात हवेतच फिरायचा. मी बघायचे आणि बोलायचे नाही, कारण त्यांना वाटायचं हात चुकतो ते कुणाला कळलेलं नाही. मुलाला सांगायचं नाही, सुनेला सांगायचं नाही, गावात तर नाहीच.

वापस येताना गाडीत मी विचारलं, "गुरुजी, डोळे हायत तोवर काय बघायचं राहिलंय तुमचं?"

मला वाटलं म्हणतील दिल्ली, ताजमहाल. तर म्हणाले, "कर्नाटकात मालप्याजवळ चार-पाच बेटं आहेत. सेंट मेरी म्हणतात. तिथले दगड कोपऱ्याकोपऱ्याचे, खांबासारखे उभे आहेत म्हणे. पोरांना सांगत आलो. खरंच तसे आहेत का, ते बघायचं होतं."

लोक काय काय मागतात. ह्यांनी दगड मागितले.

येळवस झाली की निघायचं ठरवलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं घर रानात जेवायला जातं, बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील. आंबील पिऊन माणसं हरभऱ्यातच आडवी होतात. त्यानंतर रानात थोडी सवड असते. जायचं तर हिवाळ्यातच जा, पावसाळ्यात तिथल्या बोटी बंद असतात. शेजारच्या शकुंतलाबाई म्हणाल्या, "उडुपीला चाललाव तर कृष्णाचा प्रसाद आणा बरं का." आम्ही बुद्धाची माणसं, देवाला काही जात नाही, पण शेजारणीचा प्रसाद आणायला काय होतंय, आणला. उडुपीला सगळं जग देवासाठी येतं, आम्ही दोघंच दगडासाठी गेलो असू.

सूनबाईला धाकधूक होती. "आई, दोघंच? मी येऊ का?" मी म्हटलं, तू आलीस तर देवणी गायीची धार कोण काढणार? आमची गाय दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. तिचं तोंड बंद झालं. सूनबाईचं, गायीचं नाही.

आता रस्ता सांगते, कारण प्राची म्हणते लोक त्यासाठीच वाचतात. चाकूरहून लातूर, लातूरहून सोलापूर, एसटीनं. गुरुजी पंच्याहत्तरच्या पुढं म्हणून त्यांना तिकीट नाही, बाईमाणूस म्हणून मला अर्धं. सोलापूरहून हुबळीला रेल्वे. तिथनं पुढं कर्नाटकाची बस, तिथं मात्र दोघांचं पूर्ण. मी कंडक्टरला म्हटलं, तुमच्या राज्यात बायकांना फुकट हाय म्हणं. तो म्हणाला आधार कार्ड दाखवा. दाखवलं, त्यावर चाकूर. तो लई हसला.

त्याच्याशी मी कन्नडमध्येच बोलले. माझं माहेर देवणीच्या अंगाला, सीमेवरचं. बाजाराला बिदरकडं जायचो. त्यामुळं कन्नड येतं, पण आमचं ते बिदरी, खडबडीत. हुबळीपर्यंत चाललं. उडुपीत बोलले तर लॉजवाल्या बाई तोंडावर पदर धरून हसल्या, मग मायेनं म्हणाल्या, अज्जी, बोला बोला, गोड वाटतंय.

हुबळी सोडलं की यल्लापूरकडं जंगल लागतं. इतकी झाडं एका जागी मी पाहिली नव्हती. आमच्याकडं झाड दिसलं की कुणाच्या बांधावरचं आहे ते सांगता येतं. घाट उतरताना माझ्या पोटात कालवलं, लिंबू जवळ ठेवा. गुरुजी खिडकीला नाक लावून बसलेले, मध्येच सांगून राहिले, "हा सह्याद्री उतरतोय बघ. आपण पठारावरची माणसं. आता खाली आलो." मी म्हटलं, खाली आलेलं माझ्या पोटाला कळलंय.

उडुपीत पोचलो, बसस्टँडजवळ साधी खोली घेतली, दोघांना नऊशे रुपयांत, गरम पाण्यासकट. सकाळी डोसा खाल्ला. सांबार गोड असतं, घरून ठेचा न्या. मी नेला होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं बोटभर मागितला आणि मग बराच वेळ पाणीच पीत बसला.

आता पाण्याचंच सांगते, कारण तिथंच आमची फजिती झाली. लातूरचं माणूस पाण्याशिवाय घर सोडत नाही. ज्या जिल्ह्याला रेल्वेनं पाणी आलं, तिथल्या बाईला सांगू नका की वाटेत मिळेल. मी घरनं पाच-पाच लिटरचे दोन प्लॅस्टिकचे कॅन आणले होते. लॉजवर परत भरले. गुरुजी म्हणाले, "अगं, समुद्रावर चाललो आपण." मी म्हटलं, समुद्राचं पाणी पिता येतंय का?

मालपे उडुपीपासून जवळच, सारख्या बस असतात. बंदरात मासळीचा वास, मचव्यांची गर्दी, मांजरं आमच्या बकरीएवढी. आणि तिकडं, दूर, पाण्यात काळ्या रेघा. गुरुजींनी विचारलं, "दिसतात का?" मी म्हटलं, दिसतात. "कुठं?" मी हात केला. ते माझ्या हाताकडं बघत राहिले, मग हळूहळू पुढं, मग पुढं. सापडलं तसा चेहरा बदलला. पण एकच शब्द बोलले, "लांब आहे."

बोटीच्या फाटकावर पिशव्या तपासतात. तिथल्या राखणदारानं माझे कॅन बाजूला काढले. बेटावर प्लॅस्टिक न्यायचं नाही.

मी म्हटलं, "बाबा, ह्यात दारू न्हाई, पाणी हाय."

तो म्हणाला, "अज्जी, पाणी चालतंय, डबा चालत नाही."

"मग पाणी कशात नेऊ, ओंजळीत?"

तो बिचारा नियमाचा माणूस. त्याची चूक नव्हती. पण मी लातूरची. म्हटलं कॅन सोडून जाणार नाही, चांगलं पाणी आहे, ओतून कसं देऊ? मग मी रांगेतल्या लोकांना पाणी वाटायला लागले. या, प्या. कुणी ओंजळ धरली, कुणी स्टीलची बाटली भरून घेतली. एक बाई म्हणाली, कुणाची पुण्यतिथी आहे का? मी म्हटलं, न्हाई, दोघंबी जिवंत हाव. ह्या दानधर्मात वारा वाढला. बोटवाल्यांनी सांगितलं, आता आज फेरी नाही.

मी खट्टू झाले. आणि माझं लक्ष गुरुजींकडं गेलं. खट्टू नव्हते. सुटल्यासारखे दिसत होते.

"राहू दे," ते म्हणाले. "इथून दिसलंच की. उद्या सकाळच्या गाडीनं वापस निघू."

इतक्या लांब आलो, बोचकं उचलून, आणि हा माणूस म्हणतो दिसलंच की. संध्याकाळी वाळूत बसलो. समोर सूर्य बुडत होता, पोरंटोरं नाचत होती. मी मक्याचं कणीस घेतलं, त्यांना अर्धं दिलं आणि विचारलं, "गुरुजी, पाण्याचं भ्या वाटून राहिलं का?"

"पाण्याचं नाही."

"मग?"

लई वेळ कणसाचे दाणे काढत बसले. खाल्ला एकही नाही. मग म्हणाले, "मोठी बोट बेटापर्यंत जात नाही. तो राखणदार हातवारे करून सांगत होता. मध्येच लहान बोटीत उतरावं लागतं. कलावती, मला पाऊल खाली कुठं पडतंय ते दिसत नाही. खालचं सगळं गेलंय. चार लोकांत पडलो तर?"

नजरेबद्दल ते स्वतःहून पहिल्यांदाच बोलत होते. दवाखान्यातसुद्धा डॉक्टरबाई बोलल्या होत्या, हे नाही.

मला रडू येईल वाटलं, आलं नाही. उलट मी म्हटलं, "पडलाव तर मी बी पडीन संगं. दोघं पडले तर लोक म्हणतील म्हातारा-म्हातारी पोहायला आलेत."

"तुला पोहता येतं का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय. मी सांगीन तिथं पाऊल टाकायचं. इतकी वर्षं तुम्ही सांगितलं तिथं मी टाकलं. एक दिवस उलटं करा."

हसले नाहीत, पण कणीस खाल्लं. मला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी लॉजवाल्या बाईंनी पाण्यासाठी स्टीलचा बंद डबा दिला. बाकीचं पाणी मी त्यांच्या तुळशीला घातलं, वाया नाही घालवलं. पहिल्या बोटीला जा हे माझं सगळ्यांना सांगणं आहे. सकाळी वारा कमी असतो, गर्दीही कमी. तिकीट माणशी साडेतीनशेच्या आसपास, पण बदलत असतं, विचारून घ्या. येण्याजाण्याचं त्यातच येतं.

बोट निघाली. मोठ्यानं गाणी लावतात, कानात कापूस घाला. मी पहिल्यांदा दर्यात होते. पाणी इतकं, की मला दुसरं काही सुचेना, सारखं मनात येई, हे एवढं पाणी आणि ह्यातलं एक घागरभर पिण्याजोगं नाही. मग तेही विसरले. पुढं काळे दगड आणि त्यांच्याभोवती पांढरा फेस. आमच्या ठिपक्याच्या देवणी गायीच्या पाठीसारखं दिसत होतं, हलत, श्वास घेत.

मग ती जागा आली. लहान बोट शेजारी लागली. दोन्ही बोटी वरखाली होत होत्या, एक वर जाई तेव्हा दुसरी खाली. माणसं उड्या मारून जात होती. गुरुजी कठडा धरून उभे. बोटवाल्या पोरानं हात पुढं केला, तो त्यांच्या डाव्या बाजूनं आला, त्यांना दिसलाच नाही. पोरगं म्हणालं, "अज्जा, हात द्या की."

मी मध्ये गेले. त्या पोराला सरळ सांगून टाकलं, कन्नडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की ह्यांना बाजूचं आणि खालचं दिसत नाही, समोरून धर. गुरुजींना ते कन्नड कळलं का नाही, मी विचारलं नाही. कळलं असावं, कारण मान खाली गेली. मग मी आधी उतरले, हात वर केले आणि म्हटलं, "उजवा पाय. थांबा. बोट वर येऊ द्या. आता टाका." टाकला. "आता डावा. फळी हाय खाली, इतभर." टाकला. खाली बसले तसा एक ढेरपोट्या माणूस सरकून त्यांना जागा देऊन बसला, दुसऱ्यानं पिशवी धरली. कुणी हसलं नाही. गुरुजींना तेच नवल वाटलेलं मला दिसलं.

बेटावर उतरलो ते नारळाचं बेट म्हणून ओळखतात. वाळू कमी, शंखशिंपलेच जास्त, पायाखाली करकर वाजतात. चप्पल घालून फिरा. आणि ते दगड.

कसं सांगू. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून गंज रचावी ना, तसे. सरळ उभे, एकाला एक चिकटून, वरून छाटल्यासारखे. बघाल तिथं खांब. काही पाण्यात बुडालेले, काही ढगाला लागतील असे वाटणारे. कुणी घडवलेले नाहीत. गुरुजी एकापाशी गेले, हात ठेवला, कडेकडेनं फिरवत नेला आणि पुटपुटत कोपरे मोजायला लागले. सहा निघाले. दुसऱ्याला पाच. परत सहा. लहान मुलाच्या हाती खडू द्यावा तसे एकावरून दुसऱ्यावर चालले होते.

"आहेत," म्हणाले. "कोपरे आहेत."

मी विचारलं, झालं कसं हे? मग गुरुजींची शाळा भरली. म्हणाले, "जमिनीतून तापलेला रस वर आला आणि निवत गेला. निवताना आकसला. उन्हाळ्यात आपलं काळं रान भेगाळतं बघ, कोपऱ्याकोपऱ्याची ढेकळं होतात. तिथं माती सुकून भेगा पडतात, इथं दगड निवून पडल्या. भेगा वरून खोलवर गेल्या, त्याचे हे खांब झाले."

हे मला लगेच कळलं. आमच्या रानातल्या भेगेत माझी विळी गेलीय एकदा, अजून सापडली नाही.

"आणि तेव्हा," ते म्हणाले, "ह्या किनाऱ्याला मादागास्कर जोडलेलं होतं. आफ्रिकेजवळचं मोठं बेट. मग दोघं फाटले. ते तिकडं गेलं, आपण इकडं आलो. कोट्यवधी वर्षं झाली. हे दगड त्याच वेळचे."

"म्हंजी वाटणी झाली म्हणा."

"हाव. वाटणीच."

"मग हे बांधावरचे दगड."

गुरुजी माझ्याकडं बघत राहिले, अगदी सरळ, नजरेच्या मधोमध धरून. म्हणाले, "एवढ्या सोप्या भाषेत मी पोरांना कधी सांगितलं नाही." मला लई बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

इतिहासही सांगितला. केरळात उतरलेला तो पोर्तुगीज दर्यावर्दी, जो शाळेच्या पुस्तकात असतो, तो आधी इथं आला, क्रूस रोवला आणि मेरीमातेचं नाव दिलं, असं म्हणतात. कोळ्यांचं जुनं नाव वेगळंच आहे, तोनसेपार. आणि ओळीतल्या एका बेटाला दर्या बहादूरगड म्हणतात, तिथं बेदनूरच्या राजांचा किल्ला होता, आता पडझड. तिकडं आमची बोट जात नव्हती. पण नाव ऐका, दर्या बहादूर. निजामाच्या राज्यात वाढलेली माझी आई असती तर म्हणाली असती, नाव ठेवावं तर असं. एकाच ओळीत मेरीमाता, बहादूर आणि नारळ. कुणाचं कुणाशी भांडण नाही, मध्ये पाणी आहे म्हणून असेल.

मग गुरुजी म्हणाले, "ही साखळी आहे. उत्तर-दक्षिण, एका रेघेत. मला ती रेघ बघायचीय."

आम्ही उंचशा जागी चढून बसलो. बाकीची बेटं दूर, लहान, एक इकडं एक तिकडं. त्यांना एका वेळी एकच दिसत होतं, तेही शोधून. मान फिरवली की आधीचं हरवायचं. चिडले. "कुठं गेलं? आत्ता इथं होतं."

तेव्हा मी त्यांची हनुवटी धरली. भर लोकांत. आमच्या पिढीत नवऱ्याला चारचौघांत हात लावत नाहीत, प्राचीला हे सांगितलं तर ती हसते. मी धरली आणि हळू फिरवली. "हे एक, ज्याच्यावर आपण हाव, त्याचं टोक. दिसलं? आता चला. पाणी, पाणी, पाणी. हे दुसरं. झाडी हाय वर." थांबायचे, बघायचे, मान हलवायचे. "चला. पाणी. हे तिसरं, बहादूर." मग चौथं. मग परत उलटं, चौथ्यापासून पहिल्यापर्यंत. तिसऱ्यांदा मी हात काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे."

बोटवाला शिट्टी मारीपर्यंत आम्ही तिथंच होतो. बेटावर राहता येत नाही, दोनेक तासांत वापस यावं लागतं. परत बोटीत चढताना गुरुजी स्वतःच बोटवाल्या पोराला म्हणाले, मराठीतच, "बाबा, मला कडेचं दिसत नाही. समोरून हात दे." पोराला मराठी कळत नव्हतं, हात मात्र बरोबर दिला.

वापसीत काही सांगण्यासारखं नाही. घाट चढताना मी झोपले. सगळा खर्च मिळून दोघांचं दहा हजारांच्या आत भागलं, त्यात काजू आणि शकुंतलाबाईंचा प्रसादही आला. गुडघे दुखतात त्यांनी बोटीच्या मधल्या बाकावर बसा, टोकाला नको. थेंबांची बाटली उन्हात ठेवू नका.

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाला गुरुजींनी आपणहून मुलाला आणि सुनेला डोळ्यांचं सांगितलं, वरण वाढून घ्यावं इतक्या सहज. सून उठली आणि ताटाभोवतीची सगळी भांडी त्यांच्या समोर आणून ठेवली. मग पुढच्या महिन्यात लातूरला तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या थोडी आणखी गेलीय, फार नाही. थेंब बदलून दिले. गुरुजींनी मान हलवली आणि त्यांना बेटाचे दगड सांगत बसले. बाहेर पेशंटची रांग लागलेली.

काय राहिलं ते सांगते. परवा प्राची आली होती. ह्यांना म्हणाली, "आजोबा, कशी दिसतात हो ती बेटं?"

गुरुजींनी डोळे मिटले आणि हात समोर धरून सांगायला लागले. चार बेटं, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, एका ओळीत, मध्ये किती किती पाणी, कुठलं उंच, कुठलं बसकं, कुठल्यावर झाडी दाट. एका नजरेत बघितल्यासारखं. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. एका नजरेत त्यांनी ती कधीच बघितली नव्हती. एक एक करून बघितली होती, जोडली त्यांनी नंतर, स्वतःच. एकही चुकलं नव्हतं म्हणे. प्राचीनं फोनवर नकाशा काढून ताडून पाहिलं.

मग ती माझ्याकडं वळली. "आणि तुला गं, आजी? तुला कशी दिसली ती ओळ?"

मी आठवून बघितलं. नीट आठवेना. हात त्यांच्या हनुवटीला होता आणि मी सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडंच बघत होते.

"आजोबाला विचार," मी म्हटलं.